सर्व्हे कोर्स: पंधरा आठवडे, चार हजार वर्षं आणि एक जाडजूड पुस्तक

अर्धविराम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. या सेमिस्टरला जागतिक साहित्याचा सर्व्हे कोर्स घेतलाय आणि चौथ्याच आठवड्यात धाप लागलीय.

सिलॅबस असा: गिल्गमेश (मेसोपोटेमियाचं महाकाव्य), होमर, सोफोक्लिस, शाकुंतल, अरबी रात्री, जपानी गेंजी, दान्ते, डॉन किहोते. मिडटर्म झाली की गाडी सुसाट: काफ्का, काम्यू, अचेबे, आणि शेवटच्या आठवड्यात 'समकालीन आवाज' नावाचं एक गाठोडं. गेंजीच्या वाट्याला दीड तास. चोपन्न प्रकरणांच्या कादंबरीला दीड तास! दान्तेच्या शंभर सर्गांपैकी आम्ही नऊ वाचणार, तेही सगळे नरकातले. "स्वर्गात जायला वेळ नाही," असं सर स्वतःच म्हणाले.

अँथॉलॉजी इतकी जाड की मांडीवर घेऊन वाचता येत नाही, आणि कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. मी इमानेइतबारे सगळं वाचतेय, हायलायटर फिरवतेय. पण क्विझमध्ये "एन्किडू का मरतो" असं विचारलं की डोक्यात एन्किडू (गिल्गमेशचा मित्र) आणि इलियडमधले पॅट्रोक्लस, हेक्टर यांची सरमिसळ झालेली असते. कुणाचा तरी मित्र मेला, कुणीतरी खूप रडलं, एवढंच हाताशी उरतं.

मला मुख्य छळतंय ते हे. असे तुकडे वाचणं म्हणजे वाचणं आहे का? आणि शेवटी दोन हजार शब्दांचा टर्म पेपर आहे, त्यात 'शैलीचा विचार' हवाय. मला ना ग्रीक येत, ना अकेडियन, ना जपानी. मी वाचतेय ती शैली होमरची की अनुवादकाची? वर्गात विचारलं तर "चांगला प्रश्न आहे, पुढे येऊच त्यावर" असं उत्तर मिळालं. पुढे म्हणजे कुठल्या आठवड्यात, ते सिलॅबसमध्ये नाही.

जाता जाता एक बाळबोध शंका: गिल्गमेशच्या मजकुरात मधेच टिंबं आणि चौकोनी कंस का आहेत? संपादकांनी काही गाळलंय का?


कोरापान

अगदी अगदी! मी हा कोर्स दोन वर्षांपूर्वी केला. नेमलेले सर्ग सोडून होमरचं अख्खं इलियड वाचून काढलं, का तर लाकडी घोडा कुठे येतो ते बघायचं होतं. चोविसावा सर्ग आला, हेक्टरचे अंत्यसंस्कार झाले, पुस्तक संपलं. घोडा नाहीच! अकिलीसची टाच पण नाही. मला आधी वाटलं माझ्या प्रतीतली पानंच गळलीत.

बाकी प्रश्नांवर जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.


जुनाखडू

कोरापान, तुमची पानं शाबूत आहेत. :) दहा वर्षांच्या युद्धातले जेमतेम काही आठवडे इलियडमध्ये आहेत. घोड्याची हकिकत ओडिसीच्या आठव्या सर्गात एक आंधळा गायक गातो, तीसुद्धा ओडिसिअसच्याच फर्माईशीवरून. ऐकता ऐकता फर्माईश करणाराच रडायला लागतो. टाचेची गोष्ट होमरनंतर कित्येक शतकांनी आलेली.

अर्धविराम, मी हा कोर्स बरीच वर्षं शिकवला, आता निवृत्त आहे. तेव्हा तुमच्या सरांच्या वतीने थोडी माफी मागतो आणि टिंबांपासून सुरुवात करतो, कारण ती शंका अजिबात बाळबोध नाही. कोणी काही गाळलेलं नाही. टिंबं आहेत तिथे मातीची पाटी फुटलेली आहे. कंसात आहे तो मजकूर दुसऱ्या प्रतीवरून किंवा अंदाजाने भरून काढलेला. गिल्गमेशची जी प्रमाण आवृत्ती धरतात ती बारा पाट्यांची, आणि तिच्या बऱ्याचशा पाट्या निनेव्हेला असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयाच्या ढिगाऱ्यात तुकड्यांनी सापडल्या. ते तुकडे लंडनला जाऊन पडले. १८७२ साली जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाला त्यातल्या एकावर जलप्रलयाची गोष्ट वाचता आली. हा गृहस्थ विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेला. चौदाव्या वर्षी नोटांच्या छपाईसाठी कोरीवकाम करणाऱ्यांकडे उमेदवारीला लागला होता आणि जेवणाच्या सुट्टीत म्युझियममध्ये जाऊन कीलाकार लिपी शिकला. म्हणजे तुमच्या पहिल्या आठवड्यातली ही 'जगातली आद्य महान कृती' व्हर्जिलला माहीत नव्हती, दान्तेला नाही, शेक्सपिअरलाही नाही. सिलॅबसमध्ये ती सगळ्यात आधी येते, पण वाचकांच्या हाती आली ती डॉन किहोतेच्या कितीतरी नंतर.

आणि ती अजून पुरी व्हायची आहे. २०११ साली इराकमधल्या सुलेमानिया इथल्या संग्रहालयाने विकत घेतलेल्या एका तुकड्यामुळे पाचव्या पाटीत वीसेक ओळींची भर पडली. देवदारांच्या अरण्यात गिल्गमेश आणि एन्किडू पोचतात तेव्हा तिथे माकडं ओरडताहेत, पाखरं गाताहेत, रातकिडे किरकिरताहेत, आणि हा सगळा गोंगाट म्हणजे हुंबाबा राक्षसाच्या दरबारातलं रोजचं संगीत! ज्याला मारायला निघालो तो एक राजा आहे आणि त्याचा दरबार भरलेला आहे, हे त्या ओळींनी कळलं. तुमची अँथॉलॉजी जुन्या आवृत्तीची असेल तर तिच्यात ही माकडं नसतील. बघा बरं.

आता क्विझचं. सारांश पाठ करायला गेलात की सरमिसळ होणारच, कारण सारांशात सगळे मित्र सारखेच मरतात. त्यापेक्षा प्रत्येक कृतीतला एक क्षण मुठीत धरा. एन्किडू रणांगणावर मरत नाही. देवांनी ठरवलं म्हणून अंथरुणाला खिळून मरतो आणि त्याची त्याला लाज वाटते. गिल्गमेश त्याचं प्रेत सहा दिवस, सात रात्री पुरू देत नाही. नाकातून अळी पडते तेव्हा सोडतो. ही अळी एकदा डोळ्यांसमोर आली की एन्किडूचा पॅट्रोक्लस होणार नाही. इलियडमध्ये तसा क्षण हवा असेल तर शेवटच्या सर्गातला म्हातारा प्रायम घ्या. अकिलीसच्या ज्या हातांनी आपली मुलं मारली त्याच हातांचं तो चुंबन घेतो.

शैलीच्या प्रश्नावर रात्री लिहितो. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.


उंटावरचा

मी नेहमीप्रमाणे उलट बाजूने.

मुळात या प्रकाराला जागतिक का म्हणायचं? यादी बघा: निम्म्याच्या वर युरोप. उरलेलं जग तोंडी लावायला. आणि सगळं इंग्रजीतून. मराठी बोलणारी मुलगी इंग्रजीतून जपानी वाचणार, त्यावर इंग्रजीतून पेपर लिहिणार, आणि म्हणायचं आपण जग वाचलं. नैरोबीत १९६८ साली केनियाचे लेखक न्गुगी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यापीठात टिपण दिलं होतं की इंग्रजी विभागच बरखास्त करा. मधोमध आपलं साहित्य ठेवा आणि बाकीचं त्याच्याभोवती मांडा. तो खरा प्रश्न आहे: मधोमध कोण बसणार? सर्व्हे कोर्समध्ये तो प्रश्न विचारायला वेळच नसतो.

माझा सल्ला: पंधरा आठवड्यांत तीन पुस्तकं वाचा. पूर्ण. क्विझ गेली उडत.


कोरापान

अहो उंटावरचे, क्विझला वीस टक्के गुण असतात. क्विझ उडत गेली तर स्कॉलरशिप पण उडत जाते.


जुनाखडू

उंटावरचे, तुमचं अर्धं म्हणणं मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडा इतिहास सांगतो.

आमच्या पिढीच्या शिक्षकांच्या टेबलावर जी अँथॉलॉजी असायची ती पहिल्यांदा निघाली १९५६ साली. नावात 'जागतिक श्रेष्ठ कृती' होतं, आत जवळपास सगळा पाश्चात्त्य मामला. पूर्वेकडचं आणि आफ्रिकेतलं साहित्य खऱ्या अर्थाने शिरलं ते १९९५ च्या विस्तारित आवृत्तीत. झालं ते चांगलंच झालं. पण सेमिस्टरचे आठवडे काही वाढले नाहीत. नवी माणसं पंक्तीत आली म्हणून प्रत्येकाच्या बुडाखालचा पाट लहान झाला. अर्धविराम यांना गेंजीचा दीड तास कमी वाटतो. मी शिकायला होतो तेव्हा गेंजीचा एक मिनिटसुद्धा नव्हता, आणि होमरला मात्र चार आठवडे होते. तुम्ही म्हणता तशी तीन पुस्तकं निवडायला सांगितली असती तर आमच्या विभागाने कुठली तीन निवडली असती, ते मी डोळे झाकून सांगू शकतो.

राहिला इंग्रजीचा मुद्दा. 'जागतिक साहित्य' हा शब्द ज्याच्यामुळे रुजला त्या जर्मन कवी गटेकडे बघा. ३१ जानेवारी १८२७ ला तो आपल्या सहायकाला, एकरमानला, सांगतो की राष्ट्रीय साहित्याला आता फार अर्थ उरलेला नाही, जागतिक साहित्याचा काळ येऊ घातलाय. त्या दिवसांत तो वाचत काय होता? एक चिनी कादंबरी. अर्थातच अनुवादात. त्याच्या कितीतरी आधी त्याने ज्या शाकुंतलावर जीव ओवाळून टाकला ते त्याच्यापर्यंत आलं कसं, तर विल्यम जोन्सने संस्कृतावरून आधी शब्दाला शब्द लावून लॅटिन केलं, त्याचं इंग्रजी केलं, ते १७८९ ला छापलं. त्यावरून फोर्स्टरने १७९१ ला जर्मन केलं. इतक्या हातांतून आलेलं नाटक वाचून तो वेडा झाला. आपल्या फाउस्टच्या आरंभी त्याने सूत्रधार-नटीच्या वळणाचा रंगभूमीवरचा प्रवेश घातला तो त्यावरूनच, असं मानतात. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने वाचतोय याची लाज वाटायचं कारण नाही. फक्त ते हात कोणाचे, हे विचारत राहायचं.

आणि अर्धविराम, तुमचा टर्म पेपर इथेच आहे. 'होमरची शैली' असा विषय घेऊच नका. लायब्ररीतून ओडिसीचे दोन अनुवाद आणा, एक फेगल्सचा १९९६ चा, एक एमिली विल्सन यांचा २०१७ चा. पहिली ओळ ताडून बघा. मग थेट बाविसाव्या सर्गाच्या शेवटाकडे जा. काय सापडतं ते इथे येऊन सांगा. मी आधी सांगणार नाही.


गोष्टीवेल्हाळ

हातांचा विषय निघालाच आहे तर अरबी रात्रींबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

अल्लादीन आणि अलिबाबा या दोन गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. गॅलां नावाच्या फ्रेंच पंडिताने १७०४ पासून अनुवादाचे खंड काढायला सुरुवात केली. त्याच्याकडचं हस्तलिखित तिनशे रात्रींच्या आतच संपत होतं, आणि वाचक तर आणखी मागत होते. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला हलबहून (म्हणजे सीरियातल्या अलेप्पोहून) आलेला हन्ना दियाब नावाचा तरुण भेटला. त्याने तोंडी सांगितलेल्या गोष्टींवरून गॅलांने टिपणं काढली आणि पुढच्या खंडांत अल्लादीन अवतरला. दियाबचं नाव गॅलांच्या रोजनिशीत राहिलं, पुस्तकात आलं नाही. बिचाऱ्याने उतारवयात आपल्या प्रवासाची हकिकत स्वतः अरबीत लिहिली, तिचं हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात होतं.

आता सांगा, अल्लादीन कोणाचा? अरबी म्हणावा तर अरबी पोथीत नाही. फ्रेंच म्हणावा तर सांगणारा हलबचा. आणि गोष्ट तर म्हणे चीनमध्ये घडते!


दुभाषी

उशिरा आलो, पण हा धागा म्हणजे माझ्या दुखऱ्या नसेवर बोट आहे. मी पोटासाठी अनुवाद करतो. बहुतेक औषधांची माहितीपत्रकं आणि मशीनच्या पुस्तिका. रात्री हौस म्हणून साहित्य.

डॉन किहोतेचं नववं प्रकरण तुमच्या निवडीत आहे का बघा. नसेल तर कुठूनही मिळवून वाचा. आठव्या प्रकरणाच्या शेवटी डॉन किहोते आणि एक बास्क माणूस तलवारी उगारून एकमेकांवर धावून जातात, आणि लेखक म्हणतो, माफ करा, पुढचा मजकूर मला मिळालेला नाही. तलवारी हवेतच! पुढच्या प्रकरणात निवेदक तोलेदोच्या बाजारात एका पोराकडून जुन्या वह्या विकत घेतो, त्या अरबीत असतात. वाचून दाखवायला एक मोरिस्को (ख्रिस्ती झालेला मूर) गाठतो. तो समासातली एक ओळ वाचून हसायला लागतो, तेव्हा कळतं की हा डॉन किहोतेचाच इतिहास आहे, लिहिणारा कोणी सिदे आमेते बेनेन्हेली. मग निवेदक त्या मोरिस्कोला घरी आणून ठेवतो आणि दीड महिन्यात अनुवाद करून घेतो. मोबदला काय, तर मनुका आणि गहू. ज्या पुस्तकाला पहिली आधुनिक कादंबरी म्हणतात ते १६०५ सालीच सांगतंय की मी अनुवाद आहे, आणि माझा अनुवादक धान्यावर राबलाय. माझे दर बघता त्या मोरिस्कोचं बरं चाललं होतं.

काफ्काच्या वेळी एक गंमत करा. त्याच्या गोष्टीतला ग्रेगोर सकाळी उठतो तो नक्की काय होऊन? जर्मन शब्द 'उनगेत्सीफर' असा आहे. म्हणजे उपद्रवी किडे-प्राणी, घरातली घाण, नकोसं असं काहीतरी. त्याला ठरावीक जात नाही. मी एकदा मराठीत 'झुरळ' लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण झुरळ म्हटलं की वाचकाला मिशा दिसतात, रंग दिसतो, हातात चप्पल येते. 'किडा' जरा बरा, पण तो फार छोटा वाटतो. काफ्काने १९१५ साली प्रकाशकाला कळवलं होतं की मुखपृष्ठावर तो कीटक काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. अनुवादक मात्र न दाखवता सुटू शकत नाही, त्याला शब्द लिहावाच लागतो.

आणि काम्यूच्या कादंबरीचं पहिलं वाक्य. "आज आई…" आणि पुढे? इंग्रजीत सगळा वाद 'आई'वर आहे. १९४६ च्या अनुवादात जरा औपचारिक 'मदर' होतं, १९८८ च्या अनुवादकाने फ्रेंच 'मामाँ' तसाच ठेवला, कारण इंग्रजीत तेवढा सलगीचा आणि तरी बाळबोध न वाटणारा शब्द सापडेना. आपल्याला ती अडचणच नाही. 'आई' हा शब्द पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी चालतो आणि पन्नाशीच्या माणसाच्याही. आपला घोळ क्रियापदाचा. मेली? गेली? वारली? निधन पावली? 'मेली' म्हटलं की मुलगा निष्ठुर ठरतो. 'निधन पावली' ही पेपरातली बातमी. 'वारली' शेजाऱ्याने सांगितल्यासारखं. 'गेली' म्हटलं की त्यात आपोआप हळवेपणा येतो, आणि या माणसात नेमका तोच दिसत नाही म्हणून तर पुढे कोर्टात सगळे त्याच्यावर उठतात. मराठीत मरणाची बातमी देताना तटस्थ राहता येत नाही. एका वाक्यापायी तीन रविवार घालवलेत मी.


अर्धविराम (धागाकर्ती)

आठ दिवसांनी येतेय, क्षमस्व. मध्ये मिडटर्म होती. (एन्किडूवर प्रश्न आला होता! अळी लिहून आले.)

जुनाखडू सर, दोन्ही अनुवाद आणले. पहिल्या ओळीत ओडिसिअसला 'पोलिट्रोपोस' म्हटलंय. फेगल्स त्याला वळणावळणांचा माणूस म्हणतात. विल्सन एकच शब्द ठेवतात: गुंतागुंतीचा. आधी वाटलं यात काय एवढं. मग लक्षात आलं की पहिल्यात वळणं रस्त्याला पण असू शकतात. तो खूप भटकला असंही होतं, आणि डोक्याने तिरका आहे असंही. दुसऱ्यात वळणं सगळी माणसाच्या आत गेली. मी मराठीत करून बघितलं. 'अनेक वळणांचा' म्हटलं तर घाटातला रस्ता वाटतो, आणि 'आतल्या गाठीचा' म्हटलं तर सरळ शिवी होते. अर्धा तास गेला. टर्म पेपरची पहिली दोन पानं मात्र त्या अर्ध्या तासातून निघाली.

मग बावीसावा सर्ग. ओडिसिअसच्या बायकोचे सगळे मागणीदार मारून झालेत, घरात रक्त. त्यांच्याबरोबर झोपलेल्या बारा दासींकडून ओडिसिअस आधी प्रेतं उचलून घेतो, टेबलं-खुर्च्या पुसून घेतो, आणि मग त्याचा मुलगा टेलेमाकस त्यांना एका दोरावर ओळीने फाशी देतो. जाळ्यात अडकलेल्या पाखरांची उपमा आहे. शेवटी त्यांचे पाय थोडा वेळ तडफडतात, फार वेळ नाही. मी हे वाचून पुस्तक बाजूला ठेवून दिलं.

फाशीच्या आधी टेलेमाकस बोलतो तिथे फेगल्सकडे त्या बायकांसाठी शिवी आहे, वेश्या या अर्थाची. मला वाटलं होमरनेच दिली असेल. विल्सनकडे 'या मुली' एवढंच आहे. मग टिपा बघितल्या, तर ग्रीकमध्ये तिथे शिवी नाही, नामसुद्धा नाही, नुसतं स्त्रीलिंगी सर्वनाम आहे. म्हणजे मराठीत नुसतं 'ह्या' म्हटलं असतं तरी भागलं असतं! शिवी अनुवादकाने घातली. त्याआधी मी फक्त फेगल्स वाचला असता तर पेपरमध्ये लिहिलं असतं की होमर या बायकांकडे तुच्छतेने बघतो. आणि नुसत्या विल्सन वाचल्या असत्या तर उलटं लिहिलं असतं.

विषय पक्का केला: बारा दासी, दोन अनुवाद, तीसेक ओळी. सरांना दाखवला, ते म्हणाले, "हा तर माझ्या पुढच्या आठवड्याचा मुद्दा होता." असो.

एक नवीन अडचण. गेंजीमध्ये कोण कोण आहे ते कळत नाहीये. हात टेकले.


कोरापान

ते कोणालाच कळत नाही, घाबरू नकोस. मूळ मजकुरात बहुतेकांना नावंच नाहीत. हुद्द्यावरून ओळखायचं, आणि बढती मिळाली की माणसाचं 'नाव' बदलतं. आपण जी नावं वापरतो ती पुष्कळशी कवितांतल्या शब्दांवरून नंतरच्या वाचकांनी ठेवलेली. लेखिकेचंसुद्धा खरं नाव हाती नाही. मुरासाकी हे तिच्याच नायिकेवरून पडलेलं. सायडनस्टिकरचा १९७६ चा अनुवाद घे, त्यात नावं स्थिर ठेवलीत. टायलरचा २००१ चा मूळच्या जवळ जाऊन हुद्दे वापरतो, त्यात मी चार वेळा हरवले.


दुभाषी

आणि पहिला मोठा इंग्रजी अनुवाद, १९२५ ते ३३ मधला वेलीचा, त्यात अडतिसावं प्रकरण आख्खं गायब आहे. गाळलं त्याने.

पण गेंजीतलं मला सगळ्यात आवडतं ते प्रकरण कुठलाच अनुवादक बिघडवू शकत नाही. 'ढगांआड' अशा अर्थाचं एक शीर्षक परंपरेने चालत आलंय. त्याच्या आधीच्या प्रकरणात गेंजी जिवंत आहे. पुढच्या प्रकरणाची सुरुवातच तो गेल्यानंतरची. मध्ये हे शीर्षक, आणि त्याखाली एक अक्षर नाही. माझ्या आयुष्यातला एकमेव बिनचूक अनुवाद मी या प्रकरणाचा केलाय.


उंटावरचा

दासींचं वाचलं. पटलं. तीस ओळींत एवढं निघत असेल तर तुकड्यांवरचा माझा आक्षेप थोडा मागे घेतो. थोडाच.

अचेबे मात्र तुकड्यात वाचू नका, हात जोडून सांगतो. १९५८ ची कादंबरी आहे, छोटी आहे, दोन संध्याकाळी पुरतात. नायक ओकोन्क्वोचं सगळं आयुष्य आपण बघितलेलं असतं, आणि शेवटच्या पानावर तो इंग्रज जिल्हाधिकारी मनाशी म्हणतो, याच्यावर माझ्या पुस्तकात एक प्रकरण लिहिता येईल. मग म्हणतो, प्रकरण नको, एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. पुस्तक काय, तर नायजर नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या रानटी टोळ्यांना शांत कसं केलं त्यावर. आता त्या कादंबरीची चार पानं कापून अँथॉलॉजीत घालणारा संपादक आणि तो जिल्हाधिकारी यांच्यात फरक काय, ते मला जुनाखडूंनी समजावून सांगावं.


जुनाखडू

समजावता येणार नाही. मी एका वर्षी नेमकं तेच केलं होतं: पहिली तीन प्रकरणं आणि शेवटचं, झेरॉक्स काढून. मागच्या बाकावरच्या एका मुलाने तुम्ही विचारलात तोच प्रश्न विचारला. पुढच्या वर्षीपासून कादंबरी पूर्ण लावली आणि होमरचा एक आठवडा काढून टाकला. विभागात त्यावरून बराच गदारोळ झाला, तो इथे लिहीत नाही.


अर्धविराम (धागाकर्ती)

पेपर दिला! दोन हजारांच्या जागी सत्तावीसशे शब्द झाले. सरांनी समासात लाल पेनाने एवढंच लिहिलंय: "तुम्ही स्वतः 'ह्या' लिहाल की 'ह्या मुली'?" खाली गुण. चांगले आहेत. प्रश्नाचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

अचेबे पूर्ण वाचतेय, उंटावरचे. दान्तेचा स्वर्ग सुट्टीत. तिन्ही खंडांचा शेवटचा शब्द 'तारे' आहे असं टिपेत वाचलं, नऊ सर्गांत त्यातला एकच तारा दिसला.


कोरापान

अभिनंदन गं! अवांतर: दुभाषी, मग काम्यूच्या आईचं शेवटी काय ठरलं? गेली की वारली?


दुभाषी

परवापर्यंत 'गेली' ठेवलं होतं. दुसरं वाक्य आहे, 'किंवा काल असेल, मला नक्की माहीत नाही.' दोन्ही जोडून मोठ्याने वाचून बघत होतो: आज आई गेली. किंवा काल गेली असेल, मला नक्की माहीत नाही. भाचा शेजारी बसून गृहपाठ करत होता. वहीतून मान वर न काढता म्हणाला, "कुठे?"

परत पहिल्यापासून सुरू केलंय.